हार्ट फेल्युअर आणि ऑपरेशन: बायपास, पंप की नवं हृदय? रिपोर्ट हातात आल्यावर काय समजून घ्यायचं

‘एलव्हीईएफ ३० टक्के. एलएडी टेरिटरीत आरडब्ल्यूएमए. मॉडरेट एमआर. डायलेटेड एलव्ही.’

टूडी एकोच्या रिपोर्टच्या शेवटी अशा तीन-चार ओळी असतात. कोणीतरी त्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतं आणि खाली लगेच घरातल्या ‘मोबाइलमधलं सगळं समजणाऱ्या’ मुलाला किंवा मुलीला टॅग होतं: जरा बघ ना, काय लिहिलंय. तुम्ही वीस-पंचविशीत असाल तर हा मेसेज तुम्हाला आला असेल, नाहीतर कधीतरी येईल.

मी डॉक्टर नाही. नागपुरात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि या साइटवर एरवी प्रोसेसर, बॅटरी, ॲप परमिशन असल्या गोष्टींवर लिहितो. पण गेलं वर्षभर माझ्या मोठ्या बाबांची फाइल घेऊन धंतोली आणि रामदासपेठेतल्या जिन्यांवर बऱ्याच चकरा झाल्या. डॉक्टर दहा मिनिटांत जे सांगतात ते समजायला मला दहा रात्री लागल्या. ते सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. उपचार काय घ्यायचा हे तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण त्यांच्यासमोर बसताना डोकं रिकामं नसावं, एवढ्यासाठी हा लेख.

३० टक्के म्हणजे बॅटरीचे ३० टक्के नाही

आधी ईएफ, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. हृदयाचा डावा खालचा कप्पा हा मुख्य पंप. तो रक्ताने भरतो आणि आकुंचन पावून त्यातलं काही रक्त शरीराकडे ढकलतो. भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर गेलं, तो आकडा म्हणजे ईएफ. समजा कप्प्यात १२० मिली रक्त होतं आणि ७० मिली बाहेर पडलं, तर ईएफ झाला ५८ टक्के. हा एकदम तब्येतीत असलेल्या माणसाचा आकडा आहे. निरोगी हृदयाचा ईएफ साधारण ५५ ते ७० असतो, १०० कोणाचाच नसतो. म्हणून ‘हृदय फक्त ३० टक्केच चालतंय’ असं घरात सांगत सुटू नका. ३० हा आकडा वाईट आहेच, पण त्याची तुलना ६०शी करायची, १००शी नाही.

आता गंमत बघा. पंप कमजोर झाला की शरीर जुगाड करतं: कप्पा फुगतो. फुगलेल्या कप्प्यात २०० मिली रक्त मावलं आणि त्यातलं ३० टक्के बाहेर गेलं, तरी ६० मिली जातंच. म्हणून ईएफ ३० असलेला माणूस तुमच्यासमोर खुर्चीत बसून व्यवस्थित गप्पा मारू शकतो, आणि ‘मला काही झालं नाही, रिपोर्ट चुकलाय’ असंही म्हणू शकतो. पण दोन जिने चढला की श्वास लागतो, कारण राखीव ताकद संपलेली असते. शिवाय हा जुगाड फार काळ टिकत नाही. कप्पा फुगत फुगत चेंडूसारखा गोल होतो, आणि गोल कप्पा आणखी कमजोर पंप करतो.

अजून एक. ईएफ हा बऱ्याचदा तपासणाऱ्याच्या नजरेचा अंदाज असतो. दोन ठिकाणच्या एकोत पाच टक्क्यांचा फरक आला तर तो मोजमापाचाही असू शकतो. त्यावरून पेढे वाटू नका आणि रडूही नका.

बाकीचे शब्द पटकन. आरडब्ल्यूएमए म्हणजे हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग नीट हलत नाही. एलएडी ही हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मोठी धमनी. एमआर म्हणजे मायट्रल झडप गळते, पुढे जायचं रक्त मागे येतं. आणि हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नाही. अटॅक म्हणजे धमनी अडकून स्नायूचा पुरवठा तुटणं, कार्डियाक अरेस्ट म्हणजे हृदय थांबणं, आणि फेल्युअर म्हणजे पंप सुरू आहे पण गरजेला पुरत नाही. या तिन्हींची खिचडी केली की घरात फार गोंधळ होतो.

मेलेला स्नायू आणि झोपलेला स्नायू

हृदय दिवसभर सगळ्या शरीराला रक्त देतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते कोरोनरी धमन्यांतून. त्या धमन्यांत चरबीचे थर साचून अडथळे आले की दोन गोष्टी होतात. अटॅक आला असेल तर स्नायूचा एक तुकडा मरतो आणि तिथे व्रण, म्हणजे स्कार, तयार होतो. तो आता कधीच आकुंचन पावणार नाही. दुसरा तुकडा मेलेला नसतो, पण रक्त कमी मिळतंय म्हणून त्याने काम बंद केलेलं असतं. फोन लो पॉवर मोडमध्ये गेल्यासारखं. डॉक्टर याला हायबरनेटिंग म्हणतात.

ऑपरेशनचा सगळा तर्क या दुसऱ्या तुकड्यावर उभा आहे. रक्त परत दिलं तर झोपलेला स्नायू जागा होईल, मेलेला होणार नाही. कोणता किती आहे हे पाहायला कार्डियाक एमआरआय, पेट स्कॅन किंवा औषध देऊन केलेला स्ट्रेस एको अशा व्हायेबिलिटी तपासण्या असतात. ऐकायला हे गणित एकदम सरळ वाटतं. ते तितकं सरळ निघालं नाही, पुढे सांगतो.

त्याआधी एक गोष्ट, जी ऑपरेशनच्या चर्चेत हरवून जाते. अशा हार्ट फेल्युअरचा पाया आज चार गटांच्या औषधांवर आहे. ही औषधं छोट्या डोसपासून सुरू करून हळूहळू वाढवतात, आणि नुसत्या त्यांनी ईएफ वर आल्याची उदाहरणंही भरपूर आहेत. तीनेक महिने नीट औषधं घेऊनही ईएफ ३५च्या आत राहिला, तर अचानक येणाऱ्या जीवघेण्या ठोक्यांपासून वाचवायला शॉक देणारं यंत्र, म्हणजे आयसीडी, बसवण्याचा विचार होतो. बायपास झाली म्हणून गोळ्या बंद, असं नसतं. त्या चालूच राहतात.

बायपास: रस्ता दुरुस्त करायचा नाही, नवा टाकायचा

बायपासमध्ये ब्लॉक काढत नाहीत. हे मलाही नव्याने कळलं. ब्लॉक आहे तिथेच राहतो, आणि त्याच्या पुढे रक्त पोचवणारी नवी नळी जोडतात. वर्धा रोडवर खाली ट्रॅफिक तुंबलं म्हणून वरून उड्डाणपूल काढला, तसंच. नळी रुग्णाच्याच शरीरातून घेतात. छातीच्या आतल्या बाजूची एक धमनी एलएडीला जोडायची, आणि पायातल्या शिरेचे तुकडे बाकीच्या धमन्यांना. छातीतली धमनी भरवशाची: दहा वर्षांनीही दहापैकी साधारण नऊ जणांत ती उघडी असते. पायाच्या शिरेचं तसं नाही, दहा वर्षांत जवळपास निम्म्या बंद किंवा खराब झालेल्या असतात.

पायाच्या शिरेने बायपास करायची पद्धत रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जनने अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये १९६७ साली रुजवली. हृदय थांबवून, हार्ट-लंग मशीनवर रक्त फिरवून ऑपरेशन करता येतं, आणि धडधडत्या हृदयावर, मशीनशिवायही करता येतं. भारतात दुसरी पद्धत बरीच वापरली जाते. यातली कोणती, हे सर्जनवर सोडा. ईएफ कमी असलेल्या हृदयाला हलवलं की ब्लडप्रेशर पडतं, त्यामुळे ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय ती त्याने करावी, हे माझं मत.

आता मुख्य प्रश्न. ईएफ ३० असलेल्या माणसाची छाती उघडणं धोक्याचं आहे. मग फायदा होतो का?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर ‘स्टिच’ नावाच्या अभ्यासात आहे. धमन्यांचा आजार आणि ईएफ ३५ किंवा त्याहून कमी असलेले १,२१२ रुग्ण घेतले. चिठ्ठी टाकल्यासारखं करून निम्म्यांना औषधं आणि बायपास, निम्म्यांना फक्त औषधं. आपल्या भाषेत सांगायचं तर ए-बी टेस्ट, फक्त इथे दोन्ही बाजूंना माणसं आहेत.

पहिल्या महिन्यात बायपासवाले मागे पडले. त्यांच्यातले १००पैकी जवळपास ४ दगावले, औषधवाल्यांतला १. साधारण दोन वर्षांनी दोन्ही गट बरोबरीला आले. २०११ साली पाच वर्षांचे निकाल छापले गेले, तेव्हा बायपासचा गट थोडा पुढे होता, पण एकूण मृत्यूंमधला फरक योगायोगही असू शकेल एवढाच होता. अभ्यास तिथेच थांबला असता तर ‘बायपासचा उपयोग नाही’ असंच आपण वाचलं असतं. पण त्यांनी रुग्णांचा पाठपुरावा सुरू ठेवला. २०१६ साली दहा वर्षांचे निकाल आले: औषधवाल्या गटात ६६ टक्के मृत्यू, बायपासच्या गटात ५९ टक्के. मधला रुग्ण घेतला तर जगण्याची लांबी ६.२९ वर्षांवरून ७.७३ वर्षांवर गेली. म्हणजे जवळपास दीड वर्ष जास्त.

हा निकाल मी तीनदा वाचला, कारण त्यात एक सौदा लपलेला आहे. आज थोडा जास्त धोका घ्या, त्याचा परतावा काही वर्षांनी मिळेल. म्हणूनच वय महत्त्वाचं ठरतं. तुलनेने तरुण रुग्णांना बायपासचा फायदा जास्त दिसला. ऐंशीच्या आजोबांना, ज्यांची किडनीही कमजोर आहे, त्यांच्यासाठी हाच सौदा वेगळा असतो. आणि हेही खरं की त्या काळी आजची सगळी औषधं नव्हती, त्यामुळे आजचा फरक नेमका तेवढाच असेल असं कोणी छातीठोकपणे सांगू नये.

व्हायेबिलिटीचं काय? त्याच अभ्यासात ज्यांची तपासणी झाली होती त्यांचे आकडे वेगळे काढले. जिवंत स्नायू जास्त असलेल्यांनाच बायपासचा फायदा होतो, असं स्पष्ट दिसलं नाही. २०१९ साली दहा वर्षांच्या आकड्यांवरही तेच. त्यामुळे फक्त एका स्कॅनवरून ‘बायपास करायची’ किंवा ‘अजिबात नाही’ असं कोणी सांगितलं, तर दुसरं मत घ्यायला हरकत नाही.

मग स्टेंट टाकून भागत नाही का?

घरात हा प्रश्न शंभर टक्के येतो. चिरफाड नको, हाताच्या नसेतून तार घालायची, दोन दिवसांत घरी. आकर्षक आहेच. यावर ब्रिटनमध्ये ७०० रुग्णांवर ‘रिव्हाइव्ह्ड’ नावाचा अभ्यास झाला, निकाल २०२२ साली आले. ईएफ ३५च्या आत, जिवंत स्नायू असल्याचं तपासून घेतलेलं. एका गटाला औषधं आणि स्टेंट, दुसऱ्याला फक्त औषधं. साधारण साडेतीन वर्षांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे भरती, हे स्टेंट गटात ३७.२ टक्के, दुसऱ्या गटात ३८ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. ईएफही स्टेंटमुळे वेगळा वाढला नाही.

इथे घाईने चुकीचा अर्थ काढू नका. अटॅक सुरू असताना तातडीने केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, तिथे एक मिनिटही वाया घालवायचा नाही. छातीत दुखणं औषधांनी थांबत नसेल तरीही स्टेंटचा उपयोग होतो. हा अभ्यास फक्त एवढंच सांगतो, की कमजोर झालेला पंप सुधारावा म्हणून स्टेंट टाकले तर फार अपेक्षा ठेवू नका.

आमच्या घरी नेमका यावरच वाद झाला. मोठे बाबा ६१ वर्षांचे, शुगर बारा वर्षांपासून, तिन्ही धमन्यांत ब्लॉक, ईएफ २८. काटोलकडे संत्र्याची बाग. दादाचं म्हणणं होतं, छाती नाही कापायची, स्टेंट टाकून घेऊ. मोठी आई काहीच बोलत नव्हती. एका डॉक्टरांनी बायपास सांगितली होती, दुसऱ्यांनी ‘तुम्ही ठरवा’ म्हटलं. मी वरचे आकडे एका कागदावर मराठीत लिहून मोठ्या बाबांनाच दिले, कारण तोवर त्यांना सोडून सगळे बोलत होते. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, “या चारातला मी निघालो तर? काहून, कोणीतरी तर निघतेच ना.” याला कोणत्याच अभ्यासात उत्तर नाही. मग ते म्हणाले, “झाडांना अजून सात-आठ वर्षं फळ आहे. मलाही तेवढंच पाहिजे.”

सर्जननी समोर बसवून नीट सांगितलं: शुगर आणि तिन्ही धमन्यांत ब्लॉक असले की बायपासचं पारडं जड होतं, किडनी ठीक आहे, धोका आहे पण घेण्यासारखा आहे. बायपास झाली. सात दिवस आयसीयू, त्यात दोन दिवस वाईट गेले. सहा महिन्यांनी ईएफ ३६. बागेत जातात, पण फवारणीचा पंप पाठीवर घेत नाहीत. गोळ्या सगळ्या चालू आहेत आणि त्यावरून कुरकुरही. दुसऱ्या कोणाच्या घरी याच आकड्यांवर निर्णय वेगळा झाला असता आणि तोही चुकीचा नसता.

झडप, आणि आकार बदलण्याचं ऑपरेशन

एमआर असेल तर बायपास करतानाच मायट्रल झडपेला रिंग बसवतात किंवा झडप बदलतात. यात झडपेची पाकळी खराब नसते. कप्पा फुगला म्हणून पाकळ्या ओढल्या जातात आणि मध्ये फट राहते. दाराची चौकटच फाकली तर दार कसं बसणार, तसं. ऑपरेशन झेपणार नाही अशा काही रुग्णांत पायाच्या नसेतून जाऊन दोन पाकळ्यांना क्लिप लावतात. २०१८ साली यावर दोन मोठे अभ्यास आले: अमेरिकेतल्या अभ्यासात चांगला फायदा, फ्रान्समधल्या अभ्यासात नाही. रुग्णांची निवड वेगळी होती, म्हणून कोणाला क्लिप लावायची हे ठरवणंच मोठं काम आहे.

फुगलेला कप्पा शिवून छोटा करायचं ऑपरेशनही आहे, फ्रेंच सर्जन व्हिन्सेंट डोर यांच्या नावाने ओळखलं जातं. स्टिचच्याच दुसऱ्या भागात १,००० रुग्णांवर ते तपासलं. नुसत्या बायपासने कप्प्याचं आकारमान ६ टक्के कमी झालं, सोबत हे ऑपरेशन केलं तर १९ टक्के. आणि तरीही मृत्यू किंवा पुन्हा भरती होणं यात काहीच फरक नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना ही भावना ओळखीची आहे: डॅशबोर्डवरचा आकडा सुंदर झाला, युजरला काहीच फरक पडला नाही. भिंतीला मोठा फुगा आलेल्या मोजक्या रुग्णांसाठी हे आजही करतात, सरसकट नाही.

चार्जिंगवर चालणारं हृदय

आता या साइटच्या वाचकांच्या आवडीचा भाग. औषधं, बायपास, सगळं करून झालं किंवा करण्यासारखं उरलं नाही, आणि तरी माणूस पलंगावरून उठू शकत नाही, तेव्हा दोन मार्ग राहतात. त्यातला एक म्हणजे एलव्हीएडी, डाव्या कप्प्याला मदत करणारा पंप.

सध्याचं मुख्य मॉडेल हार्टमेट ३. वजन साधारण २०० ग्रॅम, म्हणजे तुमच्या हातातल्या फोनएवढंच. तो हृदयाच्या टोकाला बसवतात. डाव्या कप्प्यातलं रक्त ओढून तो थेट महाधमनीत सोडतो, मिनिटाला १० लिटरपर्यंत. आतला रोटर मिनिटाला हजारो फेरे फिरतो, पण कशालाच टेकलेला नसतो. चुंबकाच्या जोरावर तरंगत असतो. बेअरिंग नाही, घर्षण नाही, म्हणून रक्तपेशी कमी चिरडल्या जातात आणि गुठळ्या कमी होतात. आणि दर दोन सेकंदांनी तो मुद्दाम वेग कमी-जास्त करतो, पंपात रक्त साचून राहू नये म्हणून.

पोटाच्या कातडीतून एक केबल बाहेर येते. ती कमरेच्या कंट्रोलरला, आणि कंट्रोलर दोन बॅटऱ्यांना जोडलेला. बॅटरीची जोडी पूर्ण चार्ज असेल तर १७ तासांपर्यंत चालते. झोपताना भिंतीतल्या प्लगवर. उन्हाळ्यात तासन् तास लाइट जाणाऱ्या गावात हे यंत्र घेऊन राहायचं म्हणजे इन्व्हर्टर हाही उपचाराचाच भाग झाला.

रक्त सतत वाहत असल्याने या माणसांची नाडी बऱ्याचदा हाताला लागत नाही. नेहमीचं बीपी मशीन एरर दाखवतं. तुमचं स्मार्टवॉचही गोंधळेल. म्हणून घरच्यांना आणि गावातल्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावं लागतं, की नाडी लागत नाही म्हणजे माणूस गेला असं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या कायम, केबलच्या जागी इन्फेक्शनचा धोका कायम, पोहणं बंद, एमआरआय बंद. हार्टमेट ३च्या मुख्य अभ्यासात पाच वर्षांनी १००पैकी सुमारे ५८ रुग्ण हयात होते. हे लोक आधीच किती आजारी होते ते लक्षात घेतलं तर हा आकडा मोठा आहे.

या क्षेत्रातही ‘सपोर्ट बंद’ होतो. मेडट्रॉनिकचा हार्टवेअर हा दुसरा पंप जून २०२१मध्ये विक्रीतून मागे घेतला गेला. मेंदूचे झटके आणि मृत्यू जास्त दिसत होते, आणि थांबलेला पंप कधी कधी पुन्हा सुरू होत नव्हता. पण ज्यांच्या छातीत तो आधीच होता त्यांना फोनसारखा एक्स्चेंज करता येत नव्हता. बहुतेकांना तोच पुढे वापरावा लागला.

भारतात खरी अडचण पैशाची आहे. पंपासकट सगळा खर्च कोटीच्या घरात जातो, त्यामुळे हा पर्याय आपल्याकडे फार थोड्यांपर्यंत पोचतो.

नवं हृदय: केईएमपासून नागपूरपर्यंत

जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण ३ डिसेंबर १९६७ला केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केलं. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा फेब्रुवारी १९६८मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते केलं. परळच्या एका महापालिका रुग्णालयात! रुग्ण काही तासच जगला. नवं हृदय शरीराने नाकारू नये यासाठी आज असलेली औषधं तेव्हा नव्हती, आणि मेंदूमृत माणसाला मृत मानणारा कायदाही नव्हता. तो कायदा १९९४मध्ये आला, आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. मुंबईला मात्र पुन्हा ४७ वर्षं थांबावं लागलं: ३ ऑगस्ट २०१५ला पुण्याहून आलेलं हृदय मुलुंडच्या फोर्टिसमध्ये डॉ. अन्वय मुळे यांच्या टीमने बसवलं.

महाराष्ट्रात अवयव वाटपासाठी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय केंद्रं आहेत, झेडटीसीसी. रुग्णाची नोंद मान्यताप्राप्त हॉस्पिटलमार्फत होते. रक्तगट जुळायला हवा, दाता आणि रुग्ण यांच्या अंगकाठीत फार फरक नको, आणि फुप्फुसातला दाब फार वाढलेला नको, नाहीतर नवं हृदयही पहिल्याच दिवशी थकतं.

सगळ्यात मोठं बंधन वेळेचं. बर्फात ठेवलेलं हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत धडधडायला हवं. किडनीला याहून कितीतरी जास्त वेळ चालतो, हृदयाला नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, म्हणजे गाडीने आठ तास. त्यामुळे हृदय रस्त्याने जाऊच शकत नाही. विमान, आणि दोन्ही टोकांना पोलिसांनी मोकळा केलेला ग्रीन कॉरिडॉर. पुढच्या वेळी वर्धा रोडवर सोनेगावच्या विमानतळाकडे जाणारी अँब्युलन्स आणि पुढे पोलिसांची गाडी दिसली तर व्हिडिओ नंतर काढा, आधी बाजूला व्हा.

प्रत्यारोपणानंतर प्रौढ रुग्णांतले निम्मे १२ वर्षांहून जास्त जगतात. या लेखातल्या कोणत्याही पर्यायापेक्षा हा आकडा चांगला आहे. पण हृदयं फार कमी मिळतात. नोटोच्या वेबसाइटवर आधार वापरून अवयवदानाची प्रतिज्ञा पाच मिनिटांत करता येते. फक्त ती करून गप्प बसू नका, कारण प्रत्यक्ष वेळी संमती घरच्यांचीच विचारतात. घरी बोलून ठेवा.

पैसे, कागद आणि ती सीडी

बायपाससाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटायचं, हेल्पलाइन १५५३८८. नागपुरात मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत हृदय शस्त्रक्रियेचा विभाग आहे. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, पलीकडून छिंदवाडा, बालाघाटचेही रुग्ण तिथे येतात, त्यामुळे वेळ हाताशी ठेवून जा. भरती होण्याआधीच योजनेचं विचारा, बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

घरी असताना एक साधा वजनकाटा स्मार्टवॉचपेक्षा जास्त उपयोगी पडतो. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी वजन करून फोनमध्ये लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नाही, शरीरात साचलेलं पाणी आहे. डॉक्टरांना फोन करा. घड्याळातला ईसीजी ठोक्यांची लय दाखवतो. त्यावरून ईएफ कळत नाही आणि ब्लॉकही कळत नाही. आणि ‘नसा साफ करणारा काढा’ सांगणारे रील्स ग्रुपवर आले तर डिलीट करा. धमनीच्या भिंतीत साचलेला थर म्हणजे सिंकमधला कचरा नव्हे.

शेवटचं, तुमच्या हातातलं काम. दुसरं मत घ्यायला बहुतेक लोक फक्त रिपोर्टचा फोटो पाठवतात. सर्जनला रिपोर्टपेक्षा अँजिओग्राफीची चित्रफीत पाहायची असते: ब्लॉकच्या पुढे धमनी कशी आहे, तिथे नळी जोडता येईल का, हे त्यातच दिसतं. हॉस्पिटल ती सीडी देतं, मागितली नाही तर कधी कधी राहून जाते. त्यातल्या फाइल्स डायकॉम प्रकारच्या असतात, फोनच्या गॅलरीत उघडत नाहीत. कॉम्प्युटरवर मोफत डायकॉम व्ह्यूअर मिळतात. आजकाल लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, चौकातल्या सायबर कॅफेत किंवा फोटो स्टुडिओत विचारा. सगळा फोल्डर जसाच्या तसा पेनड्राइव्हवर घ्या आणि एक प्रत ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवा. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकलात तर तो दाबला जाऊन बारीक धमन्या दिसतच नाहीत. रिपोर्टही फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलच्या नावात रुग्णाचं नाव, तपासणी आणि तारीख लिहा. रात्री अकराला डॉक्टर ‘मागच्या वर्षीचा एको पाठवा’ म्हणतात, तेव्हा चारशे फोटोंत तो शोधावा लागत नाही.